गाणी भरायची नाहीत, लावायची

'सप्रेम नमस्कार. मी ६६ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मिरजेत एकटी राहते. यजमानांना गाण्याचं वेड होतं, त्यांच्या एकशेचाळीस कॅसेटी घरात आहेत, पण डेक बंद पडला. मग स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात कार्डात गाणी भरून घेतली, अठराशे की काय. गेल्या महिन्यात ते कार्डच करप्ट झालं. फोन तर रोज "जागा संपली" म्हणून ओरडतो. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, "आई, आता गाणी कुणी भरत नाही, स्ट्रीम करतात. आणि त्या कॅसेटी एकदाच्या भंगारात दे." स्ट्रीम म्हणजे नेमकं करायचं काय? गाणं फोनमध्ये नसेल तर वाजतं कुठून? माझा रोजचा दीड जीबीचा पॅक आहे, तो पुरेल का? बँकेतून पैसे जातील अशी भीती वाटते. मला सकाळी पोळ्या करताना गाणं लागतं, तेव्हा हाताला पीठ असतं. मुलाला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायला संकोच वाटतो.'
— एक वाचक, मिरज

बाई,

शाळेत सगळे तुम्हाला हेच म्हणत असणार, म्हणून मीही हेच म्हणतो.

आधी संकोचाचं. ज्या मुलाकडून तुम्ही एकोणतीसचा पाढा घोकून घेतलात, त्याला तिसऱ्यांदा विचारायला लाजायचं काही कारण नाही. पण तो फोनवर सांगणार, तुम्ही चष्मा शोधणार आणि तेवढ्यात त्याची मीटिंग सुरू होणार, हेही मला ठाऊक आहे. माझ्या भाचीने मला हे शिकवलं तेव्हा आमचं तीनदा भांडण झालं होतं. म्हणून सावकाश लिहितो.

खरं सांगायचं तर स्ट्रीमिंग तुम्हाला नवीन नाही. तुमच्या घरात आकाशवाणी सांगली लागत असेलच. त्या रेडिओच्या खोक्यात गाणं कुठे ठेवलेलं होतं? कुठेच नाही. यायचं, वाजायचं, निघून जायचं. 'गाणं माझ्याकडे आहे का?' हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडत नव्हता. तो आपल्याला कॅसेटने शिकवला आणि मेमरी कार्डाने पक्का केला. स्ट्रीमिंग म्हणजे पुन्हा रेडिओच, फक्त फर्माईश तुमची एकटीची आणि ती पोस्टकार्ड न पाठवता लगेच पुरवली जाते.

गाणं असतं कंपनीच्या संगणकांवर. तुम्ही गाण्याच्या नावावर बोट ठेवलंत की तिथून त्याचे छोटे छोटे तुकडे यायला लागतात. पहिला वाजत असतो तोवर फोन पुढचे आणून ठेवतो. तव्यावर एक पोळी आणि पोळपाटावर दुसरी, तसंच. म्हणून नेट क्षणभर गेलं तरी गाणं लगेच थांबत नाही, लाटून ठेवलेल्यावर थोडा वेळ निभतं. नेट फारच मंद असलं की मात्र तवा रिकामा पडतो आणि स्क्रीनवर ते चक्र गरागरा फिरत बसतं. त्याला बफरिंग म्हणतात. तुमच्या हातून काही बिघडलेलं नसतं. थांबायचं, किंवा फोन घेऊन खिडकीपाशी जायचं.

आता पॅकचं. हा हिशोब फळ्यावर मांडल्यासारखाच मांडतो, तुम्हाला आवडेल. गाण्याचा दर्जा केबीपीएसमध्ये मोजतात, म्हणजे एका सेकंदाला किती किलोबिट येतात ते. ८ बिटांचा एक बाइट. साधारण दर्जा ९६ केबीपीएस धरा. ९६ भागिले ८, म्हणजे सेकंदाला १२ किलोबाइट. गुणिले ३६००, तर तासाला सुमारे ४३ एमबी. दर्जा १६० केला तर तासाला ७२ एमबी आणि ३२० हा चढा दर्जा लावला तर १४४. तुमच्याकडे रोज दीड जीबी, म्हणजे दीड हजार एमबी. ९६च्या दर्जाने दिवसाचे चोवीस तास, झोपेतसुद्धा गाणं चालू ठेवलंत, तरी १ जीबीच्या आसपासच जाईल. पोळ्या, दुपारची विश्रांती आणि रात्रीचा अर्धा तास मिळून तुम्ही फार तर तीन तास ऐकाल. म्हणजे १३० एमबी. उरलेल्यात रोजच्या रोज सगळ्या नातेवाइकांचे सुप्रभात झेलता येतील.

मग लोकांचं नेट जातं कुठे? चित्रात. यूट्यूबवर गाणं लावलं की गाण्याबरोबर चित्रही येतं, ते तुम्ही बघा किंवा बघू नका. चित्राचा दर्जा बेताचा असला तरी तासाला तीनशे-चारशे एमबी सहज जातात, चांगला असला तर त्याच्या कितीतरी पट. आणि बऱ्याच जुन्या गाण्यांवर चित्र म्हणजे काय, तर गायकाचा एकच फोटो आणि हलणारं गुलाबाचं फूल. यूट्यूबवर ऐकायचंच असेल तर व्हिडिओवरच्या दातेरी चक्राच्या खुणेवर बोट ठेवून 'क्वालिटी'त जा आणि सगळ्यात खालचा १४४ किंवा २४० हा आकडा निवडा. फोटो धुरकट दिसेल, गाणं ऐकण्याजोगं राहील.

तरीही माझा सल्ला असा की पहिले आठ दिवस नवीन काहीच टाकू नका. यूट्यूब तुमच्या फोनवर असणारच, तिथूनच सुरुवात करा. तुम्ही मिरजेच्या, म्हणून पहिला धडा घरचाच देतो: गायक अब्दुल करीम खाँ शोधा. खाँसाहेब १९३७ साली गेले, दर्ग्याच्या आवारात त्यांची समाधी आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांच्या जुन्या तबकड्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या, लोकांनी मोठ्या हौसेने तिथे चढवून ठेवल्या आहेत. आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे असल्या तबकड्या ऐकताना चोरीचा माल ऐकतोय असं मनाला लावून घ्यायचं कारण नाही. (स्टँडजवळच्या दुकानात भरलेली अठराशे गाणी ही गोष्ट वेगळी. पण मीही त्या रांगेत उभा राहिलेला आहे, तेव्हा तो विषय इथेच सोडू.) खाँसाहेबांनंतर त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर शोधा. दोन नावांत एक आठवडा निघेल.

शोधताना टाइप करत बसू नका. शोधायच्या पट्टीशेजारी माइकची खूण असते, ती दाबून मराठीत बोला. टाइप केलंत आणि सापडलं नाही तर स्पेलिंग बदलून बघा. नावं इंग्रजीत चढवणाऱ्यांनी ज्याला जसं सुचलं तसं लिहिलं आहे. बागेश्रीच्या शेवटी कुणी एक आय लावतो, कुणी दोन ई. मालकंस तर किती परींनी लिहितात ते विचारू नका. आणि नाव पुरं सांगा. मी एकदा नुसतं 'कुमार' म्हणालो, मला कुमार गंधर्व हवे होते, मिळाले कुमार सानू. त्यांच्यावर राग नाही, पण निर्गुणी भजनाची तयारी करून बसलं असताना जरा धक्का बसतो.

आठ दिवसांत एक अडचण तुमच्या लक्षात येईल. यूट्यूब फुकट वापरताना स्क्रीन बंद केली की गाणंही बंद. पोळ्या करताना फोन उजळत ठेवायचा म्हणजे बॅटरीची वाट, शिवाय पिठाचं बोट चुकून लागलं की भलतंच काहीतरी सुरू. इथे खास गाण्यांची ॲप कामाला येतात. स्पॉटिफाय, जिओसावन, अशी बरीच आहेत. कुठलं चांगलं, असं मला सगळे विचारतात आणि मी सगळ्यांना एकच परीक्षा सांगतो. तुमच्या आवडीची, पण सहज न सापडणारी तीन गाणी कागदावर लिहा: एखादं नाट्यपद, एखादा अभंग विशिष्ट गायकाच्याच आवाजातला, एखादी मैफल. मग मुलाला सांगा की त्याच्या फोनवर दोन-तीन ॲपमध्ये ही तिन्ही शोधून दे. ज्यात दोन सापडली ते ॲप घ्या. ज्यात तिन्ही सापडली त्याला पेढे. हिंदी सिनेमाची गाणी सगळ्यांकडेच असतात, त्यावरून काही ठरत नाही.

ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरमधूनच. व्हॉट्सॲपवर कुणी 'सगळी गाणी फुकट, जाहिराती नाहीत' म्हणून फाइल पाठवली तर पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी ती उघडू नका. आणि गाण्याचं ॲप तुमचे एसएमएस वाचायची परवानगी मागू लागलं तर नाही म्हणा. गाणं वाजवायला तुमचे ओटीपी कशाला लागतात?

खातं तुमच्या स्वतःच्या नंबरावर उघडा. मुलगा म्हणेल, 'माझंच खातं टाकतो तुझ्या फोनवर, पैसे मी भरतोच आहे.' प्रेमाने नको म्हणा. बहुतेक ठिकाणी साध्या खात्यावर एका वेळी एकाच फोनवर गाणं चालतं. तुम्ही इकडे विलंबित ख्यालात रमलेल्या असाल आणि त्याने तिकडे गाडीत काहीतरी लावलं की तुमचा ख्याल तिथल्या तिथे बंद. शिवाय ही ॲप ऐकणाऱ्याची आवड टिपून पुढची गाणी सुचवतात. महिनाभराने त्याला व्यायामशाळेत हरिपाठ सुचायला लागेल आणि तुम्हाला पंजाबी पॉप. कुटुंबासाठीच्या योजना असतात, पण काही ठिकाणी सगळे एकाच पत्त्यावर राहणारे हवेत अशी अट असते. मिरज आणि पुणे एका पत्त्यात बसवणं अवघड.

पैशाबद्दल तुमची भीती अगदीच खोटी नाही, म्हणून इथे जरा थांबतो. ही ॲप पैसे न भरताही बहुधा चालतात. मग मध्ये जाहिराती येतात आणि काही ठिकाणी हवं ते गाणं हव्या त्या क्रमाने लावायला मिळत नाही. फुकटात काय द्यायचं हे कंपन्या बदलतही राहतात. गानाने २०२२ मध्ये फुकट ऐकणंच बंद केलं होतं. निदान एक महिना फुकटच वापरा. जाहिरातींचा वैताग आला आणि ऐकणं खरंच रोजचं झालं, तर मग पैसे भरायचा विचार करा.

त्या महिनाभरात ॲप तुम्हाला रोज गळ घालेल: 'पहिला महिना मोफत', 'फक्त एक रुपया'. त्या एका रुपयासाठी यूपीआयचा पिन टाकलात की बहुतेकदा तुम्ही ऑटोपेला मंजुरी दिलेली असते. म्हणजे महिना संपला की पुढचे पूर्ण पैसे आपोआप कापले जाणार, दर महिन्याला, पुन्हा पिन न विचारता. माझंच सांगतो. असंच एक ॲप मी घेतलं, आवडलं नाही, काढून टाकलं आणि विसरलो. सात महिने पैसे जात होते. ॲप फोनमधून काढलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही, हे मला पासबुक भरून आणल्यावर कळलं. चूक माझीही होती. पैसे कापण्याच्या निदान चोवीस तास आधी तसा निरोप यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि तसे निरोप येतही होते. मी ते लॉटरीच्या निरोपांबरोबर न वाचताच पुसत होतो.

तेव्हा वर्गणी बंद करायची वाट सुरू करण्याआधीच बघून ठेवा. प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे तुमच्या नावाचं गोल चिन्ह असतं, त्यात 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' उघडलं की चालू वर्गण्या दिसतात. तुम्ही ज्या यूपीआय ॲपने पैसे देता, त्यातही 'ऑटोपे' नावाची जागा असते. तिथे नको ती मंजुरी रद्द करता येते. घाबरायचं एवढं नाही, फक्त पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचा मजकूर वाचायचा. विद्यार्थ्यांना म्हणत असाल ना, प्रश्न नीट वाचा मग उत्तर लिहा.

आता जे कुणीच सांगत नाही ते सांगतो. ही ॲप तीन-चार मिनिटांच्या गाण्यांसाठी बनवलेली आहेत. आपलं गाणं त्यात अवघडून बसतं. मैफलीच्या ध्वनिमुद्रणाचे बऱ्याचदा तुकडे केलेले असतात: पहिला आलाप-विलंबित, दुसरा द्रुत, तिसरी एखादी ठुमरी किंवा भजन. आणि ॲपमध्ये 'शफल' नावाची एक खोड असते, एकमेकांना छेदणाऱ्या दोन बाणांची खूण. ती चालू असली की पत्ते पिसल्यासारखा क्रम बदलतो. मग द्रुत आधी येते, मैफल जिने संपायची ती भैरवी मध्येच होऊन जाते आणि विलंबित शेवटी. भैरवीनंतर ख्याल! यजमान असते तर फोन फेकून दिला असता. ती खूण विझलेली आहे ना, हे गाणं लावताना बघत जा. फुकटच्या खात्यात काही ॲप शफल बंदच करू देत नाहीत. तसं असेल तर ख्यालासाठी ते ॲप बाद, भावगीतांना ठेवा.

दुसरी खोड ऑटोप्लेची. तुम्ही लावलेलं संपलं की ॲप स्वतःच्या मनाने पुढचं काहीतरी लावतं. आमच्याकडे वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी अभंग लावून ठेवला होता. पानं वाढून झाली, सगळे बसले आणि अभंगापाठोपाठ जे काही सुरू झालं त्यात ढोल होता, शिट्ट्या होत्या. काकूंनी वर पाहिलंदेखील नाही, म्हणाल्या, 'बंद कर, नाहीतर कावळा शिवायचा नाही.' सेटिंगमध्ये 'ऑटोप्ले' असतं, ते बंद करा. तिथेच 'क्रॉसफेड' दिसेल, तेही शून्यावर ठेवा. ते एक गाणं संपता संपता पुढच्यात मिसळतं. नाचगाण्याला ठीक, पण तंबोऱ्यावर दुसरा तंबोरा, तोही वेगळ्या पट्टीतला, म्हणजे अत्याचार आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत असं बोललात तर लोक तुम्हाला चहा पाजतील.

दर्जाही त्याच सेटिंगमध्ये मिळेल, 'ऑडिओ क्वालिटी' किंवा तशाच नावाने. मोबाइल नेटसाठी आणि वायफायसाठी तो बहुधा वेगवेगळा ठेवता येतो. तुम्हाला मधला पुरे. माझ्या कानांना १६० आणि ३२० मधला फरक फोनच्या स्पीकरवर कधी कळला नाही. चांगल्या हेडफोनवर कळतो, तोही तंबोऱ्यात आणि टाळ्यांत.

पिठाच्या हाताचं. एक छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्या, पण ओट्यापासून जरा लांब, फ्रिजवर वगैरे ठेवा. वाफ आणि तेलकटपणा त्याला सोसत नाही. फोनशी त्याची गाठ एकदा घालून द्यावी लागते, तिला पेअरिंग म्हणतात, ती मुलाकडून करून घ्या. पुढे स्पीकर चालू केला की तो फोनला आपणहून धरतो. ब्लूटूथने नेट खर्च होत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण माझी बहीण दोन वर्षं त्या भीतीने स्पीकर बंद ठेवत होती. फोन आणि स्पीकर आठ-दहा मीटरच्या आत असू द्या, मध्ये जाड भिंत असेल तर त्याहून जवळ. गाणं बदलायचं तर फोनच्या सहायकाला मराठीत सांगता येतं. पण कुकरची शिट्टी आणि एक्झॉस्ट चालू असताना त्याला आपलं म्हणणं कळेल, अशी आशा ठेवू नका. त्यापेक्षा पोळ्यांच्या वेळेपुरती चाळीस-पन्नास मिनिटांची गाणी आदल्या रात्री निवडून एक यादी करा. तिला प्लेलिस्ट म्हणतात. गाण्यापुढच्या तीन टिंबांवर बोट ठेवलं की ते यादीत टाकायची सोय सापडते. नाव द्या 'पोळ्या'. सकाळी एकदाच बोट लावायचं आणि कणीक मळायला घ्यायची.

गाणं दोन-तीन मिनिटांनी आपोआप बंद पडत असेल तर नेटला दोष देऊ नका. बरेच फोन बॅटरी वाचवण्यासाठी स्क्रीन बंद झाल्यावर मागे चालणारी ॲप मारून टाकतात. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या नावावर जाऊन 'बॅटरी'त 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडलं की बहुधा सुटतं.

'जागा संपली'चं ओरडणं स्ट्रीमिंगने थोडं कमी होईल, पूर्ण नाही. वाजलेल्या गाण्यांचे तुकडे ॲप काही दिवस फोनमध्ये ठेवतं, म्हणजे तेच गाणं पुन्हा लावल्यावर नेट कमी लागतं. त्या साठ्याला कॅशे म्हणतात. फार फुगला तर 'क्लिअर कॅशे' करा. शेजारचं 'क्लिअर डेटा' मात्र दाबू नका, तुम्ही खात्यातून बाहेर पडाल आणि पुन्हा सगळं ओटीपीपासून सुरू. तुमच्या फोनची जागा मुळात व्हॉट्सॲपचे व्हिडिओ खात असणार. त्याच्या सेटिंगमधलं आपोआप डाउनलोड बंद करा, निम्मं भांडण तिथेच मिटेल.

पैसे भरल्यावर ॲपमध्ये 'डाउनलोड'ची सोय दिसेल. नावाला फसू नका. ते कार्डात भरल्यासारखं नसतं. ते गाणं त्या ॲपमध्येच वाजतं आणि वर्गणी थांबली की वाजायचं थांबतं. पुण्याला जाताना बोगद्यात रेंज जाते, तेवढ्या प्रवासापुरतं उत्तम.

आणि रेडिओची आठवण काढलीच आहे तर: प्रसार भारतीचं न्यूज ऑन एअर नावाचं ॲप आहे. त्यात आकाशवाणीच्या वाहिन्या नेटवरून लागतात. 'रागम' ही वाहिनी २०१६ पासून चोवीस तास फक्त शास्त्रीय संगीत देते. निवडायचा, शोधायचा कंटाळा आला की ती लावा आणि कामाला लागा. फक्त नेटवरचा रेडिओ खऱ्या रेडिओच्या थोडा मागे चालतो, तेव्हा त्यावर घड्याळ लावू नका.

करप्ट झालेल्या कार्डाचं राहिलं. फोन 'फॉरमॅट करू का?' असं विचारत असेल तर हो म्हणू नका, कार्ड बाहेर काढून ठेवा. बऱ्याचदा फोनला न वाचता आलेलं कार्ड संगणकाला वाचता येतं. आणि त्या कार्डात मुलांचे, यजमानांचे फोटो असतील तर गाण्यांचं सोडा, आधी ते वाचवायला सांगा.

आता कॅसेटी. त्या भंगारात देऊ नका. हे मी भावनेने म्हणत नाही. स्पॉटिफायवर दहा कोटींहून जास्त गाणी आहेत असं ती कंपनी सांगते, तुमच्या विकतच्या कॅसेटींपैकी बऱ्याच त्यात किंवा यूट्यूबवर सापडतीलही. पण आज तिथे आहे ते उद्या असेलच असं नाही. करार संपले की गाणी उतरतात, आणि कधी कधी अख्खं ॲपच उतरतं. एअरटेलचं विंक चांगलं दहा वर्षं चालून २०२४ मध्ये बंद झालं. त्यातल्या लोकांच्या याद्या ही त्यांची मालमत्ता नव्हती, हे त्यांना त्या दिवशी कळलं. म्हणून आवडती यादी एखाद्या वहीतही लिहून ठेवा, मी ठेवतो.

एकशेचाळीस कॅसेटींत काही अशा असतील ज्यांच्यावर छापील चित्र नाही, फक्त यजमानांच्या अक्षरात तारीख आणि नाव आहे. रेडिओवरून उतरवलेलं, किंवा उरुसात दर्ग्याजवळ बसून टेप केलेलं, किंवा कुणाच्या घरची बैठक. त्या कुठल्याच ॲपवर नाहीत आणि येणारही नाहीत. मुलाला सांगायचं ते हे. आधी त्या कोऱ्या पाठीच्या कॅसेटी वेगळ्या काढा. डेक दुरुस्तीला द्या. बंद पडलेल्या डेकमध्ये बऱ्याचदा रबरी पट्टाच ढिला किंवा चिकट झालेला असतो आणि तो बदलता येतो. डेकच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर संगणकात गेली की ऑडॅसिटी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने ते गाणं उतरवून घेता येतं. घाईचं काम नव्हे, नव्वद मिनिटांच्या कॅसेटीला नव्वद मिनिटंच लागतात. दिवाळीला मुलगा चार दिवस राहणार असेल तर रोज दोन करा. पहिली लावण्याआधी पेन्सिल घालून टेप हाताने थोडी फिरवून बघा, इतक्या वर्षांत ती चिकटलेली असते. आणि तो ऐकत बसला तर त्याला उठवू नका.